मुलाची पहिली लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर गेली. आता सहावीत आहे, वाचायला टाळतो, पुस्तक दिलं की चिडतो. हा त्याचाच परिणाम असेल का?

ताई, बराचसा असावा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, याच वयाची पोरं माझ्या वर्गातून गेली आहेत.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले थेट डिसेंबर २०२१ ला. म्हणजे अख्खी पहिली आणि निम्मी दुसरी गेली. काना-मात्रा, जोडाक्षरं नेमकी तेव्हाच पक्की होतात. मुलांना किती वाचता येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत २०१८ साली राज्याच्या ग्रामीण भागात तिसरीतली १०० पैकी ४२ मुलं दुसरीचा धडा वाचत होती, २०२२ ला जेमतेम २७.

तिसरीतला एक मुलगा कविता घडाघडा म्हणायचा. एकदा मी मधल्याच शब्दावर बोट ठेवलं, तर गप्प. मग पहिल्या ओळीपासून पुटपुटत, बोट सरकवत त्या शब्दापर्यंत आला. तेव्हा कळलं, गडी वाचत नव्हताच, सगळं पाठ होतं. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोट दुखायला लागलं. घरचे म्हणायचे आळशी आहे, पण त्याला लाज वाटत होती. तुमच्या मुलाच्या चिडण्यामागेही मला तीच दिसते.

म्हणून सहावीचा धडा थोडे दिवस राहू द्या. रोज दहा मिनिटं, घरात दुसरं कुणी नसताना, दुसरीचं पुस्तक घ्या. मी त्याला खाकी कव्हर घालायचो, इयत्ता दिसायला नको म्हणून. वर्गशिक्षकांना भेटून सांगा की सध्या त्याला सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. आणि भावंडांशी तुलना अजिबात नको. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला चार महिने लागले.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर डोळे आणि अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण) तपासणी करून घ्या, सगळंच लॉकडाऊनवर ढकलू नका. त्या काळात घरातलं कुणी गेलं असेल तर त्याबद्दलही त्याच्याशी बोला. झोप उडाली, जेवण तुटलं, मरणाची भाषा आली तर मात्र वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात.

आज शेजारी बसून ऐका आणि नेमका कुठे अडतो ते इथे लिहा. जोडाक्षरांवर अडत असेल तर मी वापरतो ते छोटे उतारे टाकतो.