नवजात बाळासाठी कापडी डायपर कोणते आणि किती घ्यावेत?

एकदम चोवीसचा सेट घेऊ नका, हे आधी सांगते. दोन-तीन प्रकारचे एकेक आणून बघा, मग बाकीचे.

‘जन्मापासून तीन वर्षांपर्यंत’ असं लिहिलेले फ्री साइज डायपर अडीच-तीन किलोच्या बाळाला मांडीशी सैल बसतात आणि तिथूनच गळतात. ते साधारण चार किलोनंतर नीट बसतात. तोवर साधे सुती लंगोट आणि वरून लहान मापाचं वॉटरप्रूफ कव्हर पुरे. कव्हर फक्त ओलं झालं असेल तर पुसून पुन्हा वापरता येतं, लंगोट तेवढा बदलायचा. नाळ पडेपर्यंत पुढची कड बेंबीच्या खाली दुमडा.

संख्या? सुरुवातीला दिवसाला दहा-बारा लागतात. रोज धुणार असाल तर वीसेक लंगोट आणि चार-पाच कव्हरं. पावसाळी हवेत थोडे जास्त, कारण जाड इन्सर्ट (डायपरच्या आत घालायच्या, ओल शोषणाऱ्या कापडी पट्ट्या) वाळता वाळत नाहीत.

इन्सर्टमध्ये मायक्रोफायबर (बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड) पटकन शोषतं, पण दाबलं की ओल सोडतं, आणि थेट त्वचेला लावायचं नसतं. कातडी कोरडी पडते. सुती जास्त भरवशाचं. मात्र नवं कापड चार-पाच धुण्यांनंतरच नीट शोषायला लागतं. पहिल्याच दिवशी गळलं म्हणून डायपरला नावं ठेवू नका! (मी ठेवली होती.)

फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याने शोषणं कमी होतं.

रात्री सरळ डिस्पोजेबल वापरलात तरी काही बिघडत नाही.