जसीडीहला पहाटे तीनला उतरलो तर?

तुम्ही विचारलंय की झारखंडातल्या देवघरच्या वैद्यनाथधाम मंदिराला आईवडिलांना न्यायचंय, गाडी पहाटे तीनला जसीडीह जंक्शनवर सोडते. तेव्हाच देवघर गाठावं की स्टेशनवर थांबावं? आणि श्रावणात गेलं तर चालेल का?

उजाडेपर्यंत थांबा. मी दोनदा उतरलोय. गाव लहान, पण हावडा-दिल्ली मेन लाइनवरचं, त्यामुळे फलाटावर रात्रभर जाग असते. मातीच्या भांड्यात चहा मिळतो. उजाडलं की डिगरिया डोंगर दिसायला लागतो. एकेकाळी कोलकात्याची बंगाली मंडळी हवापालटासाठी या पट्ट्यात येऊन राहायची. त्या हवेचं कौतुक मला थंडीत पटलं. तिथून देवघर सात-आठ किलोमीटर. बाहेर शेअर रिक्षा आणि टोटो (बॅटरीवरची रिक्षा) उभ्याच असतात. बैद्यनाथधाम स्टेशनपर्यंत लोकलसारखी छोटी गाडीही जाते आणि तेच स्टेशन मंदिराला जवळ. 'देवघर जंक्शन' वेगळं, ते दुमक्याच्या लाइनवर. तिकीट काढताना नाव नीट बघा, नाहीतर आमचं 'परळी वैजनाथ' निघायचं!

आता श्रावण. मी परळीकडचा, मला पंचांग कोण शिकवणार, या तोऱ्यात पहिल्यांदा आषाढ वद्यात गेलो. म्हटलं, श्रावणाच्या आधी उरकून येऊ. उतरलो तर फलाट भगवा! तिकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणजे आपली गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा श्रावण लागतो आणि राखीला संपतो. सुलतानगंजहून गंगेचं पाणी घेऊन शंभरेक किलोमीटर अनवाणी चालत आलेले कावडवाले जल चढवून परतीच्या गाडीसाठी तिथेच आडवे झालेले. एकाच्या तळपायाला हळद फासलेली, उशाशी पेढ्याचा पुडा आणि चुड्याची पिशवी. चुडा म्हणजे आपले पोहेच, तिकडे प्रसाद म्हणून नेतात. पाय ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्यांदा माघात गेलो, महाशिवरात्रीच्या बऱ्याच आधी. आईला बाकावर जागा मिळाली.

खरं वैद्यनाथ ज्योतिर्लिंग कुठलं, परळीचं की तिकडचं, हा वाद मात्र रिक्षात काढू नका. मी काढला होता. रिक्षावाला मंदिर येईपर्यंत बोलायचा थांबला नाही.