हातगुणाचा इथे काय संबंध?

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी टिश्यू कल्चरने, म्हणजे नळीतल्या निर्जंतुक पोषक माध्यमावर, भाताच्या दाण्यांपासून कॅलस (ज्यातून पुढे रोप करता येतं असा पेशींचा गोळा) तयार करतेय. तीनदा लावलं, तिन्ही वेळा बहुतेक नळ्यांत बुरशी आली. मैत्रिणीच्या नळ्या मात्र स्वच्छ. ‘तुझा हातगुणच नाही’ असं आता सगळे म्हणतात. टिश्यू कल्चर सोडून संगणकाकडे वळू का?

उत्तर : वळायचं तर खुशाल वळ, पण बुरशीच्या सांगण्यावरून नको. मला जे हवं होतं तेच तुझ्या पत्रात नाही : बुरशी नळीत नेमकी कुठून सुरू झाली?

दाण्याभोवतीच पांढरा कापूस धरला असेल, तर दाणा नीट निर्जंतुक झालेला नाही. दाण्यापासून लांब, माध्यमावर मधेच हिरवा ठिपका उमटला असेल, तर तो बीजाणू वरून पडला. लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या झोतातल्या टेबलावर) उघड्या नळीवरून तुझा हात गेला असणार. दाणा न ठेवलेल्या नळ्याही नासल्या, तर आधी ऑटोक्लेव्हकडे, म्हणजे माध्यम दाबाच्या वाफेत निर्जंतुक करणाऱ्या यंत्राकडे बघ, १२१ अंशांवर पुरती १५-२० मिनिटं मिळाली का? आणि दाण्याच्या बुडाशी दुधाळ साय, तीही बऱ्याच दिवसांनी आली, तर ते बहुधा दाण्याच्या आतले जिवाणू. ते बाहेरून धुऊन जात नाहीत, बियाणंच बदलावं लागतं.

त्यात भात मुळातच त्रासदायक. तुसाखाली बीजाणू दडलेले असतात, आणि तूस घासून काढलं की दाण्याला चिरा जातात. चिरेत हवेचा बुडबुडा अडकला की ब्लीच तिथवर पोहोचत नाही. म्हणून तूस हाताने सोल आणि चिरलेले दाणे भिंगाखाली बघून बाजूला काढ. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, ट्वीनचा (साबणासारख्या द्रवाचा) थेंब घातलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्येच, २०-३० मिनिटं हलवत, आणि निर्जंतुक पाण्याने चार-पाचदा धुणं. बुरशीच्या धास्तीने वेळ मात्र वाढवत नेऊ नकोस. भ्रूण मेला तर नळी अगदी लख्ख राहते, फक्त कॅलस येत नाही. (मैत्रिणीच्या स्वच्छ नळ्यांत कॅलस आलाय का, तेही एकदा विचार!)

आता करिअरचं. तृणधान्यांची रोपं टिश्यू कल्चरने करून कोणी विकत नाही. बी पेरणं कितीतरी स्वस्त. रोपं बनवणाऱ्या प्रयोगशाळा केळी, ऑर्किड अशा पिकांवर चालतात. तिथे पदवीवर काम मिळू शकतं, पण दिवसभर लॅमिनारसमोर बसून तेच ते कापायचं आणि लावायचं. गहू, भात, मका यांत कॅलस लागतो तो संशोधनाला, मुख्यतः जनुक संपादनासाठी, म्हणजे जनुकांत नेमका बदल करण्यासाठी. म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, बहुतेकदा पीएचडीसुद्धा. दुसरी वाट परागकोशांची, म्हणजे फुलातल्या परागकणांच्या पिशव्यांची. शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांना १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशांतून भ्रूण मिळाले. परागकणात जनुकांचा एकच संच असतो, तो दुप्पट केला की शुद्ध वाण मिळतो. त्याच वाटेने पुढे बार्ली, गव्हाचे शुद्ध वाण झटपट तयार होऊ लागले.

संगणकाचं म्हणशील, तर संपादनाची आखणी तिथे होते, हे खरं. पण संपादित पेशीतून रोप उभं करायला कोणीतरी लागतंच, आणि गहू-मक्याच्या कित्येक वाणांचा कॅलस रोप द्यायला तयारच होत नाही. दोन्ही येणाऱ्या माणसाला मागणी असते.

चौथ्यांदा लावशील तेव्हा पाच नळ्या दाण्याविना ठेव. रोज सगळ्या नळ्या उजेडासमोर धरून बघ. कितव्या दिवशी, कुठे, काय दिसलं ते वहीत लिही. महिनाभर हे करताना जीव विटला तर संगणकाकडे जा, त्यात काही कमीपणा नाही. वही भरलीच, तर तिच्या पानांचे फोटो मला पाठव.