लाखो वर्षांपूर्वीच्या मानवी हाडांचं वय कार्बन डेटिंगने काढतात का?

वीस लाख वर्षं जुनी कवटी सापडली की तिचं वय कार्बन डेटिंगनेच काढतात का, आणि त्या आकड्यावर भरवसा कितपत ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. गेली काही वर्षं हा विषय मी आवडीने वाचतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कार्बन डेटिंग इथे उपयोगाचं नाही. हाडात असलेला कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. ५०,००० वर्षांनंतर मूळच्यातला पाव टक्काही उरत नाही, आणि मग बाहेरून शिरलेला किंचितसा नवा कार्बनसुद्धा सगळा हिशोब बिघडवतो.

इतक्या जुन्या काळासाठी बहुतेक वेळा हाडाचं वय मोजतच नाहीत. हाड ज्या थरात होतं त्याच्या वरच्या-खालच्या थरांचं मोजतात. पूर्व आफ्रिकेत ज्वालामुखींनी पुन्हा पुन्हा राख टाकली, म्हणून तिथे हे जमतं. राखेतल्या स्फटिकांमध्ये पोटॅशियम-४० असतो आणि त्याचा काही भाग अतिशय संथपणे आरगॉन वायूत बदलत राहतो. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. खडक वितळलेला असतो तोवर हा वायू निसटून जातो, स्फटिक थंड झाला की आत अडकू लागतो. उद्रेक झाला की घड्याळ शून्यापासून सुरू. इथिओपियातल्या हदारला मिळालेला मानवाच्या पूर्वजाचा सांगाडा, ‘ल्युसी’, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा, हे अशाच राखेवरून कळलं.

आता भरवशाचं. केनियात तुर्काना सरोवराच्या पूर्वेला कूबी फोरा नावाची जागा आहे. १९७२ मध्ये मानवाचे जीवाश्म शोधणारे रिचर्ड लीकी यांच्या चमूला तिथे एक कवटी मिळाली, नोंद क्रमांक १४७०. ती ‘केबीएस टफ’ नावाच्या राखेच्या थराखाली होती. फिच आणि मिलर या शास्त्रज्ञांनी त्या राखेचं वय २६ लाख वर्षं काढलेलं होतं, म्हणजे कवटी त्याहून जुनी. पण ही राख नदीने वाहून आणलेली होती, तिच्यात फार जुन्या खडकांचे कण मिसळले होते. पहिल्या नमुन्याने तर २० कोटींहून जास्त वर्षं दाखवली होती!

शंका काढली ती डुकरांनी. त्या काळच्या एका रानडुकराची शेवटची दाढ काळाबरोबर लांब होत गेली होती, आणि उत्तरेकडच्या, इथिओपियातल्या ओमो खोऱ्यात हा बदल थरागणिक नीट दिसत होता. कूबी फोराच्या राखेखालच्या दाढा जीवाश्मतज्ज्ञ बेसिल कूक यांनी ओमोच्या दाढांशी ताडून पाहिल्या, तर त्या जुळल्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या थरांशी. कित्येक वर्षं वाद चालला. शेवटी दुसऱ्या प्रयोगशाळांनी नीट निवडलेले स्फटिक मोजले, झिरकॉन या खनिजाच्या कणांत युरेनियमचे अणू फुटून पडलेले चरे वेगळ्या पद्धतीने मोजले, आणि दोन्हीकडून राखेचं वय १९ लाखांच्या आसपास आलं. डुकरांचंच खरं निघालं. ही हकिगत मला फार आवडते, कारण किरणोत्साराचं यंत्र आणि दाताची लांबी यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, तरी दोघांची साक्ष जुळली. असं जुळलेलं असेल तर मी आकड्यावर निःशंक विश्वास ठेवतो.

जिथे राख नाही तिथे दुसरे मार्ग आहेत. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला मानवी हाडांबरोबर मिळालेली चकमकीच्या दगडाची हत्यारं विस्तवात भाजली गेली होती. भाजल्यावर दगडात साठलेली ऊर्जा रिकामी होते आणि मग आसपासच्या मातीतल्या किरणोत्सारामुळे पुन्हा साठत जाते. प्रयोगशाळेत तो दगड परत तापवला की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. त्या प्रकाशावरून २०१७ मध्ये वय सुमारे ३ लाख १५ हजार वर्षं निघालं. पूर्वी त्याच जागेची हाडं याच्या जेमतेम निम्म्या वयाची मानत.

चूक होते ती बहुधा हाड आणि थर यांची जोडी लावताना. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ गुहेत २००३ मध्ये बुटक्या मानवाचा सांगाडा मिळाला. जवळच्या कोळशावरून त्याचं वय १८,००० वर्षं सांगितलं गेलं. पुढे आणखी खोदल्यावर कळलं, की जुना गाळ मध्येच झिजून गेला होता आणि त्या खळग्यात नवा गाळ भरला होता. कोळसा नव्या गाळातला होता, हाडं जुन्या. २०१६ मध्ये त्या हाडांचं वय १ लाख ते ६० हजार वर्षं असं सुधारलं गेलं.