आईला बायपोलर आहे. लग्नाआधी जीन टेस्ट करून घ्यावी का? आणि स्थळाकडे सांगावं का?

टेस्ट करू नका. पैसे वाया जातील. बायपोलर म्हणजे मूड कधी अति चढण्याचा, तर कधी खोल उतरण्याचा आजार; त्याचा एकच असा जीन नाही. १९८७ साली अमेरिकेतल्या आमिश कुटुंबांत तो ११व्या गुणसूत्रावर सापडल्याचं जाहीर झालं होतं, दोन वर्षांत तो दावा कोसळला. २०२५ च्या मोठ्या अभ्यासात गुणसूत्रांवर जवळपास ३०० जागा मिळाल्या आणि त्यातल्या एकेकीचा वाटा अगदी किरकोळ आहे. त्यावरून 'तुम्हाला होणार की नाही' हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही.

सर्वसाधारण लोकांत हा आजार शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर पाच ते दहा जणांना. म्हणजे शंभरातल्या किमान नव्वदजणांना होत नाही. सुरुवात बहुतेक वेळा पंचविशीच्या आतबाहेर होते.

खरी उपयोगाची तपासणी फुकट आहे: घरातल्या तीन पिढ्यांच्या आजारांचा तक्ता. पण विचारायचं कसं, ते महत्त्वाचं. "घरात कुणी वेडं होतं का?" म्हटलं की कुणीही "छे" म्हणणार. "रात्र-रात्र न झोपता कोण हिंडायचं? कुणी अचानक जमीन विकली? कोण महिनोन्‌महिने अंथरूण धरून होतं? विहिरीत उडी कुणी घेतली? बाळंतपणात कुणाचं बिघडलं?" असं विचारा.

आमच्या ओपीडीत कागलकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलगी विशीतली. ती उदास होती म्हणून दुसरीकडे नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, कारण "घराण्यात काही नाही" असं वडिलांनी ठासून सांगितलं होतं. काही आठवड्यांत तिची झोप दोन तासांवर आली, बोलणं थांबेना, महाद्वार रोडवरून उधारीवर साड्यांचे गठ्ठे घरी येऊ लागले. काकू तेवढ्यात म्हणालीच, "आईकडूनच आलंय हे." मग बाकावर पिशवी धरून बसलेली आजी बोलली. उसाचं बिल आलं की आजोबा झोपायचे नाहीत. एका वर्षी दोन बैलजोड्या आणल्या, गावजेवण घातलं आणि पुढचा अख्खा पावसाळा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. अंगात येतं म्हणून त्यांना नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या सेवेला ठेवलं होतं. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय त्या गोळ्या दिल्याच गेल्या नसत्या. तक्त्यात आजार वडिलांच्या बाजूला निघाला. सुनेच्या माहेरावर बोट ठेवण्याची ही सवय मला अजिबात सहन होत नाही. जीन दोन्हीकडून निम्मे-निम्मे येतात.

तक्त्यात औषधंही लिहा. आईला लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चांगलं लागू पडलं असेल तर रक्ताच्या नातेवाइकाला ते लागू पडण्याची शक्यता जास्त असते. आई लिथियमवर असेल तर शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त देऊन पातळी बघा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉईडही. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून देऊ नका, लिथियमची पातळी चढते.

एक जीन टेस्ट मात्र कामाची आहे, पण ती आजाराची नव्हे, औषधाची. कार्बामाझेपिन हे मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू करायचं असेल तर आधी एचएलए-बी १५०२ करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. जीनचा हा प्रकार असलेल्यांना त्या औषधाने कातडी सोलवटून जिवावर बेतू शकतं.

आता स्थळाचं. सांगा. "सांगितलं की स्थळ मोडतं" हे मध्यस्थांचं पालुपद मी कायम ऐकते. लपवलेल्या घरांत गोळ्या चोरून घेतल्या जातात, मग बंद होतात, आणि हळद-गोंधळाच्या जागरणात आजार उलटतो. आई-वडिलांचा आजार हिंदू विवाह कायद्यात लग्नाला आड येत नाही. समोरचे नाही म्हणाले तर म्हणू देत.

वरचे धोक्याचे आकडे मुख्यतः युरोपीय लोकांवरच्या अभ्यासांतले आहेत, आणि वडिलांच्या घराण्यातही आजार असेल तर धोका बराच वाढतो. तुम्ही मुलगी असाल तर प्रसूतीच्या डॉक्टरांना आईचं आधीच सांगून ठेवा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाळ झोपलेलं असूनही झोप लागत नसेल आणि तरी थकवा जाणवत नसेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चालू असतो.