हत्यार त्याच्या हातात दे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दृष्टी नसलेला एक मुलगा तुमच्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं वापरायच्या त्या वर्कशॉपमध्ये, आला, ड्रिल चालवायचंय म्हणाला, प्रमुखांनी ‘धोका आहे’ म्हणून त्याला परत पाठवलं आणि आता तुमचा गट त्याच्यासाठी आवाज करणारी काठी बनवतोय. यात चुकलं काय, असं विचारतेस. अगं, त्यानं काठी मागितलीच कुठे होती? ड्रिल मागितलं होतं.

हत्यार त्याच्या हातात दे. बाकीचं मग बघू.

रॅम्पचं विचारलंस. फूटभर चढाला बारा फूट लांबी, दार 900 मिमी, व्हीलचेअर वळायला 1500 मिमी मोकळी जागा. एवढं करायलाच हवं, त्यावर चर्चा कसली! पण आत आल्यावर टेबलाखाली गुडघे जात नसतील, तर तो माणूस तिथे पाहुणाच राहतो. खालची आडवी फळी आधी काढा.

आता ड्रिल. जाड पट्टीत पोलादी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवून जिग कर, म्हणजे बिटाला नेमकी जागा दाखवणारा साचा. जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, क्लॅम्पनं आवळायचा, बुश बोटांनी चाचपायचा, बिट त्यात उतरवायचं, मग बटण. मापासाठी 6 मिमीचा आट्यांचा रॉड घे. त्यावर नट एक फेरा फिरला की बरोबर 1 मिमी सरकतो. नटाला सहा बाजू असतात, म्हणजे मिलिमीटरचा सहावा भागसुद्धा बोटांना कळतो. आणि ही सवलत आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला भोसरीच्या एखाद्या कारखान्याच्या शेडमध्ये ने. तिथे डोळस कामगारही एकसारखी हजार भोकं जिगनेच पाडतो.

प्रमुखांना लुई ब्रेलबद्दल सांग. वडिलांच्या कामाच्या खोलीत तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात आरी घुसली आणि पुढे दृष्टी गेली. 1824 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्यानं ठिपक्यांची लिपी तयार केली, तीही तसल्याच टोकदार हत्यारानं कागद टोचून. आणि आपल्या पुणे जिल्ह्यातच, पाबळच्या विज्ञान आश्रमात, शाळा अर्धवट सुटलेली मुलं 1983 पासून हातानं काम करत शिकताहेत. इथे तरी ‘त्याला थिअरी पुरे’ असं कुणी म्हणू नये.

मी इतका चिडतो त्याला कारण आहे. 1987 साली माझ्या वर्कशॉपमध्ये पोलिओनं एक पाय अधू झालेला मुलगा आला. लेथपुढे उभं राहणं त्याला झेपणार नाही, हे मीच ठरवलं. त्याला विचारलंसुद्धा नाही. टूलरूमच्या खिडकीत बसवलं. दोन वर्षं तो बाकीच्यांना पाने आणि कानशी मोजून देत राहिला. तेव्हा अपंगांच्या हक्कांचा 1995 चा कायदाही आला नव्हता, साठ मुलांमागे मी एकटा होतो, अपघात झाला असता तर माझी नोकरी गेली असती. यातलं काहीच खोटं नाही. पण एक उंच स्टूल पुरलं असतं, आणि ते कोपऱ्यात पडून होतं.

तू त्या जागी आलेल्या 2016 च्या कायद्यानंतरच्या काळात काम करतेस. तुला ही कारणं चालणार नाहीत, मी चालू देणार नाही.

काठी बाजूला ठेव. शनिवारी त्याला घेऊन माझ्याकडे ये. बुश मी आणून ठेवतो. पट्टी मात्र आधी कापून आणू नकोस, ती तो कापेल.

तुझे,
सर