बसने एकट्याने भटकताना तुमची सगळ्यात मोठी फजिती कोणती झाली? त्यातून काही गवसलं का?

माझी झाली स्पितीत, आणि दोष निव्वळ माझा.

2017 चा ऑगस्ट. हिमाचलातल्या रिकाँगपिओहून स्पितीतल्या काझा गावाला निघालो होतो. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण सकाळची बस पोचेपर्यंत संध्याकाळ होते. सॅक टपावर टाकली, जॅकेट-औषधांसकट. जवळ पाकीट, मोबाइल आणि चिवड्याची पिशवी. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथपर्यंत खिडकीला चिकटून होतो.

नाकोपुढे मलिंग नाल्यात दरड आलेली. हा नाला त्यासाठी बदनामच आहे. तिथली रीत अशी: बस अलीकडे थांबते, माणसं आपापलं सामान घेऊन दगडधोंड्यांतून चालत पलीकडे जातात आणि तिकडून आलेल्या बसमध्ये बसतात. आपली बस तिकडच्या लोकांना घेऊन माघारी. कंडक्टर याला ‘ट्रान्सशिपमेंट’ म्हणतो. दोन पोरं टपावरून भाजीचे क्रेट उतरवत होती, तेव्हा मी गृहीत धरलं की सॅकही येईल, आणि खिडकीची जागा धरायला पुढे पळालो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची सवय, दुसरं काय!

बस सुटल्यावर तासाभराने विचारलं. कंडक्टर शांतपणे म्हणाला, “भाईजी, वो तो पिओ गया.” पिओ म्हणजे रिकाँगपिओ, जिथून निघालो तेच. रेंज आल्यावर त्याने फोन लावला आणि सल्ला दिला, “ताबो उतर जाओ, काझा में बिना जैकेट मरोगे. कल की बस में आ जाएगा.”

ताबो हे काझाच्या अलीकडचं गाव, माझ्या यादीत होतं ते ‘जाता जाता, अर्धा तास’ असं. उतरलो तर गार वारा नि अंगात एक टी-शर्ट. होमस्टेच्या आमाने काही न विचारता नवऱ्याची लोकरी शाल खांद्यावर टाकली आणि थुक्पाचा, म्हणजे नूडल्सच्या गरम सूपचा वाडगा पुढे ठेवला.

सकाळी गोम्पात, म्हणजे तिथल्या बौद्ध मठात गेलो. इसवी सन 996 मधला. बाहेरून अगदी आमच्या माणदेशातल्या धाब्याच्या घरांसारखा, मातीच्या भिंती, सपाट छत. वाटलं, एवढंच? आत फोटोला बंदी, उजेड जवळजवळ नाहीच. लामाने बॅटरीचा झोत भिंतीवर फिरवला आणि अंधारातून एकेक मूर्ती पुढे आली, माणसाएवढी, मातीचीच, भिंतीतून अधांतरी बाहेर आलेली. अशा तीसेक. मधल्या भिंतींवर चित्रं. हजार वर्षं माती टिकली कशी, तर पाऊसच नाही. स्पिती हिमालयाच्या पर्जन्यछायेत, तसं आमचं दहिवडी सह्याद्रीच्या. दुष्काळाचा असा काही उपयोग असतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक फायदा नकळत झाला. ताबो 3,280 मीटरवर, काझा त्याहून बरंच वर. मधे एक रात्र काढून उंचीची सवय झाल्याने पुढे माझं डोकं दुखलं नाही. बसमधली थेट काझाला गेलेली दोन पोरं मात्र नंतर भेटली तेव्हा सांगत होती की पहिले दोन दिवस अंथरुणातच गेले. तुम्ही जाणार असाल तर ताबोला मुद्दाम उतरा, सॅक हरवायची वाट बघू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस आली. सॅक ड्रायव्हरच्या मागे होती आणि तिच्यावर डोकं टेकून एक आजी गाढ झोपलेल्या. मला काही उठवायचा धीर होईना. शेवटी कंडक्टरनेच त्यांना हलवलं.